उभी, उलटी, आडवी

आमच्या ऑफिसात एखादा माणूस नोकरीवर आहे की नाही, हे बघायला त्याची फाइल उघडावी लागत नाही. दारातूनच दिसतं. फाइल कपाटात सरळ उभी असली तर माणूस नोकरीवर. डोकं खाली, पाय वर असली तर माणूस गेला. कुठं गेला, ते आम्ही विचारत नाही. निवृत्त झाला असेल, दुसरीकडे लागला असेल, नाहीतर खरोखरच गेला असेल. आमच्यापुरता तो उलटा.

ही युक्ती कपाटकाकांची. मी आस्थापना विभागात लागले, तेव्हा तळघरातली रेकॉर्डची खोली त्यांच्या ताब्यात होती. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांतले मास्तर, बाई, शिपाई, सगळ्यांची सेवापुस्तकं तिथं. माणूस निवृत्त झाला की त्याचा कागद वरच्या मजल्यावर पेन्शन विभागात जायचा, आणि वर गेलेला कागद खाली परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मग खाली कळायचं कसं? काकांनी फाइल उलटी करून ठेवायला सुरुवात केली. "हे बघ पोरी," ते मला म्हणाले होते, "कागद लिहिला की वाचणारा शोधावा लागतो. उलट्या फाइलला काही लागत नाही." स्वतः निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी आपली फाइल आपल्याच हातानं उलटी केली, डबा उचलला आणि घरी गेले.

हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. दार ढकलायचं की ओढायचं हे आपण लिहून ठेवतो का? तसंच ते.

आता घरचं सांगते, कारण पुढं जे झालं ते माझ्या घरापर्यंत आलं.

माझ्या सासूबाई गणिताच्या बाई. निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती, म्हणजे कागदावर. घरात त्या एक दिवसही निवृत्त झाल्या नाहीत. फ्रीजवर वेळापत्रक. पहिला तास दूध, दुसरा तास झाडांना पाणी, तिसरा तास कपड्यांच्या घड्या. माझा नवरा, म्हणजे त्यांचा टक्कल पडायला आलेला मुलगा, टीव्ही लावायच्या आधी अजून हात वर करतो. दूधवाल्याचं बिल लाल पेनानं तपासलं जायचं आणि खाली शेरा असायचा, 'अक्षर सुधारा'. माझ्या चहाला रोज गुण मिळायचे. दहापैकी सहा. पाहुणे आले असले तर साडेसहा. पूर्ण गुण त्यांनी आयुष्यात कुणाला दिले नाहीत, स्वतःच्या पोराला तर नाहीच नाही.

हसायचं तेवढं आम्ही हसून घ्यायचो. पण एक गोष्ट मला बघवायची नाही. सकाळी समोरच्या रस्त्यानं पोरं शाळेला निघायची, तेव्हा सासूबाई इस्त्रीचे कपडे घालून खिडकीत उभ्या राहायच्या. शेवटचं, उशीर झालेलं पोर दप्तर सांभाळत पळालं की त्या पडदा ओढायच्या. मग दिवसभर आम्हाला छळायच्या. मला रागही यायचा आणि अपराधीही वाटायचं. कारण त्यांची फाइल मीच उलटी केली होती. कामच ते माझं. पण त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांच्या डोळ्याला डोळा देववला नव्हता.

आणि मग आमच्याकडे नवे साहेब आले, आणि साहेबांमागून प्रणाली आली.

साहेब माणूस चांगला, पण नीटनेटकेपणाचं वेड. टेबलावरच्या पेनांना सुद्धा रांगेत उभं करतील. "मॅडम," ते मला म्हणाले, "इथून पुढं सगळं संगणकावर. बदली, हजेरी, नेमणूक, सगळं एका बोटावर." ही प्रणाली बसवायला एक गृहस्थ आले होते. त्यांना आम्ही प्रणालीवाले म्हणायचो. अतिशय सभ्य माणूस. काहीही विचारलं तरी "ते होऊन जाईल" म्हणायचा आणि गरम पाणी प्यायचा.

सोमवारपासून फायली यंत्रात घालायच्या ठरल्या होत्या. आणि नेमकी शुक्रवारी माझी अक्कलदाढ बंड करून उठली. मी रजा टाकून दाताच्या डॉक्टरकडे गेले. माझी अक्कलदाढ निघाली, आणि तिकडे ऑफिसची होती-नव्हती तेवढी अक्कल निघाली.

झालं काय, तर शनिवारी साहेब सहज तळघरात उतरले. बघतात तो निम्म्या फायली उलट्या! त्यांना वाटलं, हा आमचा गलथानपणा. शिपायाला हाक मारावी, कुणाला विचारावं, तर तेही नाही. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि एकट्यानं, स्वतःच्या हातानं, एकूण एक फाइल सरळ केली. वर फडकं मारलं.

सोमवारी मी गाल सुजवून, तोंडात कापसाचा बोळा धरून खोलीत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजले. सगळा गाव सरळ उभा. मेलेले, गेलेले, निवृत्त, सगळे ताठ मानेनं कवायतीला उभे असल्यासारखे. साहेब शेजारी हसत उभे. कौतुकाची वाट बघत होते.

डॉक्टरनं बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. मी एक फाइल ओढली आणि उलटी करून ठेवली. साहेबांनी ती हळूच सरळ केली. मी परत उलटी केली. त्यांनी परत सरळ केली. मी हातवारे केले, डोकं खाली, पाय वर. शेवटी मान वाकडी करून स्वतःच उलटं होऊन दाखवायचा प्रयत्न केला, तेव्हा साहेब घाबरले. "मॅडम, दुखणं डोक्यात गेलंय. घरी जा. चांगल्या बऱ्या होऊन या." शिपायाला सांगून मला रिक्षात बसवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी परत आले तेव्हा यंत्रानं सगळ्या फायली गिळल्या होत्या. प्रणालीवाल्यांनी साहेबांना विचारलं होतं म्हणे, "यांतले नोकरीवर कोण, नसलेले कोण?" साहेब म्हणाले होते, "इथं आहेत म्हणजे नोकरीवरच की."

बोळा निघाल्यावर मी सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते, साहेब. उलटी होऊन सांगत होते."

"मग आता दुरुस्त करून टाकू," साहेब प्रणालीवाल्यांना म्हणाले.

"होऊन जाईल," प्रणालीवाले म्हणाले. "फक्त निवृत्तीचा कागद जोडा. त्याशिवाय प्रणाली माणसाला सोडत नाही."

कागद पेन्शन विभागात. पेन्शन विभाग म्हणाला, अर्ज करा, ओळीनं बघू. आणि आम्ही ओळीत उभे राहायच्या आत प्रणालीनं आपलं आपण कामाला सुरुवात केली. तिला एवढंच दिसलं, की इतके लोक नोकरीवर आहेत आणि शाळेत येत नाहीत. तिनं सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडला. 'आपण दीर्घ काळ विनापरवानगी गैरहजर असल्याचे दिसते. उद्या सकाळी खालील शाळेत रुजू व्हावे.'

दुसऱ्या दिवशी शहरात काय गोंधळ झाला म्हणून सांगू! कवायतीचे एक मास्तर गुडघा बदलून घेतलेले, ते गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात हजर. त्यांनी शिट्टी फुंकली ती आताच्या कवायतीच्या मास्तरांवरच. चित्रकलेच्या एका बाईंना त्यांच्याच नातवाच्या वर्गावर नेमलं होतं. नातू "आजी" म्हणाला, तर त्याला बाकावर उभा केला. एका शाळेत दोन मुख्याध्यापक झाले आणि खुर्ची एक. दोघंही सभ्य, त्यामुळं दिवसभर दोघंही उभे. शाळांचे आम्हाला फोनावर फोन. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत.

एक निरोप गेला तो वारलेल्या एका मास्तरांना. त्यांच्या बायकोनं उत्तर लिहिलं, 'यांना येता येणार नाही. पण तुमच्याकडे येणार असतील तर मला जरूर कळवा, मला त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.' यावर प्रणालीनं वारलेल्या मास्तरांनाच कारणे दाखवा नोटीस पाठवली.

आणि आमच्या घरी?

सासूबाई निरोप वाचून उभ्याच्या उभ्या कडाडल्या. "गैरहजर? मी? अगं, तापानं फणफणले होते तेव्हाही मी पाढे म्हणून घेतलेत! कोण गाढव आहे हा लिहिणारा?"

मी तोंड उघडलं. आता बोळा नव्हता. 'आई, ती आमच्याकडची चूक आहे' एवढं वाक्य जिभेवर होतं. पण तोवर त्या आतल्या खोलीत गेल्या होत्या आणि माळ्यावरची बॅग काढायला मुलाला हाका मारत होत्या. त्या हाकेत काय होतं कुणास ठाऊक. दोन वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. मी तोंड मिटलं.

सकाळी पोरांबरोबर त्याही रस्त्यानं निघाल्या. खिडकीत मी उभी.

शाळेत त्यांना काढून लावतील या धास्तीनं दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. पण तिथल्या गणिताच्या बाई शहाण्या निघाल्या. वर्ग माझ्याकडे राहू दे, म्हणाल्या, तुम्ही या मागं पडलेल्यांना घेऊन वाचनालयात बसा. संध्याकाळी सासूबाई घरी आल्या त्या आवाज बसलेला, बाहीला खडू लागलेला, आणि भूक लागलेली. "एक मुलगी आहे," त्या जेवता जेवता म्हणाल्या, "अपूर्णांक दिसला की डोळे मिटून घेते. आज तिनं एक डोळा उघडला."

फ्रीजवरचं वेळापत्रक कधी गेलं, कळलंच नाही. नवरा हात वर न करता टीव्ही लावू लागला, आणि सवय मोडल्यानं चुकून बंद करू लागला. माझा चहा त्या घटाघटा पिऊन निघायच्या, गुण द्यायच्या विसरून. मला वाटलं होतं, मी सुटले म्हणून नाचेन. तर कसलं काय, रोज कप विसळताना चुकल्यासारखं वाटायचं.

आणि ऑफिसात प्रत्येक दिवशी मला एकच भीती. चूक निस्तरली, की सासूबाईंना दुसऱ्यांदा घरी बसवणार. पहिल्यांदा निदान निरोपाचा समारंभ तरी झाला होता. आता काय सांगणार, चुकून बोलावलं होतं, परत जा? वर कारण काय, तर सुनेच्या ऑफिसातल्या फायली. मला जेवण जाईना.

शेवटी वरून दट्ट्या आला. महिनाअखेरपर्यंत प्रणाली बरोबर पाहिजे, नाहीतर साहेबांचीच फाइल उलटी. पेन्शन विभागाच्या रांगेत आमचा नंबर अजून यायचा होता. तेव्हा साहेबांना एक कल्पना सुचली, आणि खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. जे कुणी निवृत्त असतील त्यांनी स्वतः येऊन आपली फाइल आपल्या हातानं उलटी करावी आणि सही करावी. तीच सही कागद म्हणून जोडायची. प्रणालीवाले म्हणाले, "होऊन जाईल." तसा निरोप गेला. निरोपात चूक कुणाची हे लिहिलं नव्हतं.

त्या रात्री सासूबाईंनी तो निरोप वाचून फोन पालथा ठेवला. सकाळी इस्त्रीचे कपडे घातले, बॅग घेतली नाही, आणि म्हणाल्या, "चल, तुझ्याबरोबरच येते."

तळघराच्या जिन्यावर ही रांग! सगळे निवृत्त, सगळ्यांना सगळ्यांबद्दल काहीतरी बोलायचं होतं. कवायतीचे मास्तर पहिले. त्यांनी फाइल धाडकन उलटी केली आणि शिट्टी खिशात घातली. "सुटलो बुवा. गुडघा रोज शिव्या घालतो." मग त्या वारलेल्या मास्तरांची बायको आली. नवऱ्याची फाइल हातात घेतली, पहिल्या पानावरचा तरुणपणीचा फोटो बघितला. थोडा वेळ फाइल सरळच धरून उभी राहिली. मग तिनं ती हळूच उलटी ठेवली, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं, माझ्या हातानं झालं." साहेबांनी नाक पुसलं. मीही.

सासूबाईंचा नंबर आला. मी त्यांची फाइल काढून दिली. त्यांनी फाइल घेतली, कपाटापाशी गेल्या, आणि ती उभीही ठेवली नाही आणि उलटीही ठेवली नाही. आडवी ठेवली. सरळ बाकीच्या फायलींच्या डोक्यावर, झोपवल्यासारखी.

साहेबांचा हात आपोआप ती नीट करायला पुढं गेला.

"हात मागे," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांचा हात मागे गेला. मग त्यांनी सासूबाईंकडे निरखून बघितलं, आणि सगळा रंग उडाला. "बाई? तुम्ही?"

"भागाकारात शून्य विसरणारा तूच ना? दुसऱ्या रांगेतला?"

"हो, बाई."

"अजून विसरतोस वाटतं. नीट ऐक. उभी म्हणजे कामावर. मी कामावर नाही, माझा काळ संपलाय, आणि दुसऱ्याच्या खुर्चीत बसायला मी काही वेडी नाही. उलटी म्हणजे गेली. तर मी गेलेलीही नाही. तुम्ही मला दोनच उत्तरं दिलीत आणि दोन्ही चूक. म्हणून तिसरं लिहिलं."

साहेबांनी प्रणालीवाल्यांकडे बघितलं. प्रणालीवाले पहिल्यांदाच 'होऊन जाईल' म्हणाले नाहीत. "मॅडम, प्रणालीत दोनच पर्याय आहेत," ते चाचरत म्हणाले.

"पर्याय कुणी लिहिले?"

"मीच."

"मग बस आणि तिसरा लिही. मी थांबते."

आणि खरंच, हातातलं गरम पाणी बाजूला ठेवून तो बापडा बसला. सासूबाई त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या, परीक्षेला उभ्या राहतात तशा. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "मग माझीही आडवी." एक मुख्याध्यापक म्हणाले, "आमचीही. पण खुर्ची मिळणार असेल तरच." कवायतीचे मास्तर जिन्यावरून लंगडत परत आले आणि म्हणाले, "गुरुवारपुरती होते का आडवी?"

तिसरा पर्याय झाला, पण प्रणालीला त्याचा अर्थ एका ओळीत लिहून हवा होता, त्याशिवाय ती पुढं जाईना. साहेब कीबोर्ड माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहा. हे तुमचंच खातं." मी सासूबाईंकडे न बघता लिहिलं, 'बोलावलं की येतात.' प्रणालीनं ते मुकाट्यानं घेतलं. शाळांना बातमी लागायचाच अवकाश, वाचनालय सुचवणाऱ्या त्या गणिताच्या बाईंचा लगेच फोन आला, की आडव्यांतल्या त्या बाईंना आठवड्यातून तीन दिवस पाठवा.

कपाटकाकांच्या काळापासून आमच्याकडे फायली उभ्या नाहीतर उलट्या. आता वरच्या आडव्या फायलींना जागा पुरेना म्हणून साहेबांनी नवी फळी ठोकून घेतली. स्वतः मोजून, अगदी सरळ रेषेत.

संध्याकाळी घरी मी चहा केला. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मी कप पुढं ठेवला आणि एकदाची विचारून मोकळी झाले. "आई, ती चूक होती, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. 'गैरहजर' वाचलं तेव्हाच. जन्मभर चुकाच तर काढल्यात मी."

"मग गेलात कशाला?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. खिडकीबाहेर बघितलं. "अगं, चुकून का होईना, कुणीतरी बोलावलं होतं."

त्यांनी कप संपवला, बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "साडेनऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. या घरात साडेनऊ! "अर्धा कशाचा कापला?"

"तुला सगळं ठाऊक होतं, आणि पहिल्या दिवशी तू मला खरं सांगितलं नाहीस. त्याचा."

"आणि साडेनऊ कशाचे?"

"त्याचेच," सासूबाई म्हणाल्या, आणि कप विसळायला स्वतः उठल्या.